अर्ध्या तिकिटावर एवढा जाळ कशाला?

माळरान
‘हिशेबी’ यांची कालची पोस्ट वाचली. म्हणणं असं की बायकांच्या अर्ध्या तिकिटाने एसटी बुडाली, बायका सवलत आहे म्हणून लग्नं-बारशी करत फिरतात, तेव्हा ती बंद करा आणि त्या पैशांत गाड्या घ्या. खाली शंभर जणांचे अंगठे. म्हणून जरा लांबण लावतोय.

17 मार्च 2023 ला ही सवलत आली. माझी मावसबहीण मुरगूडजवळच्या गावातून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पॅकिंगला जाते. जायचे साधारण चाळीस धरा, यायचे चाळीस. 26 हजेऱ्यांचे 2080 होतात. ठेकेदार हातात साडेनऊ हजार टेकवतो. अर्ध्या तिकिटाने तिचे हजारभर वाचतात, आणि त्याच हजारावर घरात ‘परवडत नाही, बस घरी’ हा विषय बंद झाला. कामाला जाणाऱ्या बाईसाठी एवढी सरळ दुसरी योजना दाखवा. अर्ज नाही, शिबिर नाही, कुणाचा फोटो नाही.

आणि राहिलेलं अर्धं तिकीट सरकारने एसटीला भरून द्यायचं असतं. ते वेळेवर येत नाही, त्याचा राग बाईवर का?

हिशेबी
माझ्या तोंडी नसलेलं घालू नका. लग्नं-बारशी लिहिलं, मान्य. पण मूळ मुद्दा तुम्ही सोयीने गाळलात: सवलत गरिबाला द्या, बाईला म्हणून नको. दादर-स्वारगेट एसी शिवनेरीत लॅपटॉप मांडून बसलेल्या मॅडमना अर्धं तिकीट, आणि तुमच्या बहिणीच्याच गाडीत मागे उभा असलेला हमाल पूर्ण तिकीट काढतो. हा कुठला न्याय? कर्नाटकाने 11 जून 2023 पासून बायकांना फुकट केलं, पण आलिशान गाड्या वगळल्या. एवढी अक्कल आपल्याला का सुचली नाही? परिवहनमंत्री सरनाईक स्वतः 2025 च्या फेब्रुवारीत म्हणाले की सवलतींमुळे रोज 3 कोटींचा तोटा होतो.

उत्पन्न बघून पास देता येतो. रेल्वेने 2009 मध्ये ‘इज्जत’ पास काढला होता, 25 रुपयांत महिनाभर, 100 किलोमीटरपर्यंत.

माळरान
इज्जत पास! बरं झालं आठवण काढलीत. महिन्याला 1500 पर्यंत उत्पन्न अशी अट होती, आणि दाखल्यावर खासदार नाहीतर अधिकाऱ्याची सही. हातावर पोट असलेल्याने दाखल्यासाठी तहसीलला दोन खाडे करायचे आणि मग प्रवासात पैसे वाचवायचे. बाई आहे हे कंडक्टरला डोळ्यांनी दिसतं, गरिबी दिसायला तलाठी लागतो.

मंत्र्यांचं अर्धंच सांगितलंत. ते बोलल्यावर सवलत बंद होणार नाही असा खुलासा सरकारलाच करावा लागला.

कोथरूडचा कट्टा
तुमचं गावाकडचं चालू द्या, पण इकडेही बघा. पुण्याच्या शहर बसने, पीएमपीने, 1 जून 2025 पासून मासिक पास 900 चा 1500 केला, दिवसाचा 40 चा 70. आमच्या सोसायटीत झाडलोट करायला येणाऱ्या ताई दोन बस बदलून येतात. त्यांना अर्धं तिकीट नाही. महिन्याच्या 8 तारखेला बायकांसाठीच्या ‘तेजस्विनी’ गाडीत फुकट, बास. महिन्यातून एक दिवस कामाला यायचं का त्यांनी?

हिशेबी
कट्टेकर, त्या ताईंचा पगार सोसायटीने शेवटचा कधी वाढवला तेही सांगा की.

कोथरूडचा कट्टा
विषय बसचा आहे.

स्टेअरिंगवाला
सगळे शहाणे बोलून झाले असतील तर मी बोलतो. माझी स्वतःची जीप आहे, त्याच पट्ट्यात वडाप करतो, म्हणजे सीटवर माणसं भरून नेतो. अर्धं तिकीट आलं आणि सकाळच्या बायका एका महिन्यात गायब. गाडीचा हप्ता तसाच. ठीक आहे, स्वस्त मिळतं तिकडं माणूस जाणारच. पण संध्याकाळी कंपनी सुटते सातला आणि एसटी निघून गेलेली असते साडेसहाला. मग ह्याच बायका फाट्यावर माझी वाट बघत असतात. तिथं अर्धं तिकीट कुठं असतंय? मी घेतो पूर्ण, कारण डिझेल मला अर्ध्या भावात मिळत नाही.

डबल बेल
32 वर्षं कंडक्टरकी केली, निवृत्त आहे. वडापवाल्याने उपकाराची भाषा करू नये. स्टँडच्या दारात गाडी लावून आमचे प्रवासी ओढून न्यायचे, परमिट एक आणि धंदा दुसरा. टप्प्याटप्प्याला माणसं भरायचा परवाना तुम्हाला कुणी दिला?

स्टेअरिंगवाला
2021 च्या एसटी संपात सरकारनेच दिला होता, काका. तुम्ही घरी बसला होता तेव्हा खासगी गाड्यांनी माणसं न्यावीत असा आदेश निघाला होता. तेव्हा आम्ही गोड लागलो.

डबल बेल
घरी नाही, आझाद मैदानात होतो. आणि त्या काळात तुम्ही तिप्पट भाडं घेतलंत, तेही लिहा. मुलींनी कॉलेज सोडली तुमच्या भाड्यापायी.

स्टेअरिंगवाला
तिप्पट घेणारा मी नव्हतो. तोंड सांभाळून बोला. गाडी बंद तुमची, शाळा सुटल्या त्याला आम्ही जबाबदार? वा रे न्याय.

हिशेबी
चला, मी सोडून सगळे एकमेकांना भिडले. पॉपकॉर्न आणतो.

शिवणटिपण
दोघांनाही सांगते, ऐका. मी वडापनेही गेले आहे, एसटीनेही. रुग्णसेवेचा सहा महिन्यांचा कोर्स करत होते कोल्हापुरात. आमच्या संस्थेने विद्यार्थी पासाचे कागद कधी पुरे केलेच नाहीत, म्हणून दोन-तृतीयांश सवलत असते ती मला मिळाली नाही. अर्ध्या तिकिटावर कोर्स झाला. नवऱ्याकडे एकदाही पैसे मागावे लागले नाहीत. हे तुमच्या 3 कोटीत कुठल्या रकान्यात बसतं ते हिशेबी सांगतील.

पण परतीचं काय व्हायचं, तर प्रात्यक्षिकाचा शेवटचा अर्धा तास सोडून पळायचं, नाहीतर जीप. जीपमध्ये पुढे चौघे. बाईला ‘पुढे बसा ताई, सेफ आहे’ म्हणून ड्रायव्हरच्या शेजारी बसवायचे. गिअरची दांडी गुडघ्याला लागते आणि दर चढाला हात इकडे येतो. मी मांडीवर डब्याची पिशवी उभी धरून बसायचे. सगळे ड्रायव्हर तसले नसतात, माहीत आहे. पण चढ आला की कळायचं.

स्टेअरिंगवाला
माझ्या गाडीत बायका मधल्या सीटवर बसतात. पुढे गडी.

शिवणटिपण
तुमच्या गाडीचं म्हटलंच नाही मी. एवढं लागलं का?

हिशेबी
बरं बाई, साध्या लालपरीत अर्धं तिकीट राहू द्या. एवढं ऐकल्यावर नाही म्हटलं तर माझी बायको घरात घेणार नाही, तीही अर्ध्यातच जाते. पण शिवनेरीवरून मी एक पाऊल मागे येणार नाही. आणि हमालाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

माळरान
शिवनेरी काढून घ्या, आमच्याकडून भेट. हमालाला पण अर्धं द्या, मी कधी नको म्हटलं? तुम्हीच सगळ्यांचं बंद करायला निघाला होता.

डबल बेल
भावनेने गाडी चालत नाही. सातच्या पाळीला गाडी हवी तर आगार व्यवस्थापकाला अर्ज द्या. ग्रामपंचायतीचा ठराव जोडा, रोज किती जण चढणार आणि कुठल्या फाट्यावरून ते लिहा. नुसती ‘गाडी सोडा’ म्हणून चिठ्ठी दिली तर ती फायलीत जाते, मी पाहिलंय. ड्रायव्हर-कंडक्टर आहेत का, हे मात्र तिथं जाऊनच कळेल.

शिवणटिपण
ठरावाचं मी बघते. माळरान, बहिणीच्या पाळीतल्या बायकांची यादी पाठवा. सव्वासातची वेळ टाकू, सातला टाकली तर पंचिंग करेपर्यंत गाडी जाईल.

स्टेअरिंगवाला
टाका की. आणि ती गाडी सुरू झाल्यावर माझा हप्ता कोण भरणार, ते पण ठरावात घ्या.