मदत हवी आहे : 9 वर्षं बंद असलेल्या फ्लॅटमध्ये न्हाणीघराचा वास जात नाही

परदेशातून कायमचं परत आल्यावर पुण्यातला फ्लॅट उघडलाय. फ्लशच्या टाकीतले रबरी वॉशर कडक होऊन तडकले होते, ते बदलले. वासाचं कारण नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतल्या जाळीखालचं पाणी धरून ठेवणारं भांडं. त्यात साधारण 50 मिमी पाणी उभं राहतं आणि गटाराचा वायू, झुरळं अडवतं. घर बंद राहिलं की ते सुकतं. म्हणून प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओतलं. बाकी सगळीकडचा वास गेला, एका न्हाणीघराचा मात्र नाही.

तिथे जाळी काढून टॉर्चने बघितलं, तर दोन तासांत पाणी दोन बोटं उतरलेलं असतं. वरच्या मजल्यावर फ्लश झाला की ट्रॅपमध्ये बुडबुड आवाज येतो आणि पाणी हलतं. खालच्यांच्या छताला ओल नाही, त्यामुळे ट्रॅपला तडा असेल असं वाटत नाही. माझा संशय गच्चीवर उघडणाऱ्या हवेच्या पाइपवर आहे. तोंडाशी घरटं किंवा पालापाचोळा अडकला, की पाइपात हवा येत नाही आणि वरून पडणारं पाणी ट्रॅपमधलं पाणी ओढून घेतं.

फरशी न फोडता खात्री कशी करावी? पाइप वरून साफ करायला प्लंबर पुरेल, की ड्रेनेज साफ करणारेच बोलवावेत? अनुभवी मंडळींनी कृपया सांगा, घरात वृद्ध माणसं आहेत.