मदत हवी आहे: डायलिसिसमध्ये पाणी नेमकं कसं काढतात?

प्रयोगशाळेतलं डायलिसिस मी स्वतः केलंय. सेलोफेनच्या नळीत प्रथिनाचं द्रावण भरायचं, दोन्ही टोकं बांधायची आणि रात्रभर थंड बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ढवळत ठेवायचं. क्षार पडद्यातून बाहेर जातात, प्रथिनं आत राहतात. टॉमस ग्रॅहमने १८६१ मध्ये मांडलं ते हेच.

आता मावशीचं हीमोडायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करणं, सुरू झालंय. डायलायझरमध्ये, म्हणजे यंत्राच्या गाळणीत, हजारो बारीक पोकळ तंतू. आतून रक्त, बाहेरून उलट दिशेने डायलिसेट, म्हणजे ठरावीक क्षारांचं द्रावण. युरिया, क्रिएटिनिन ही टाकाऊ द्रव्यं निघून जातात, अल्ब्युमिन हे प्रथिन मोठं म्हणून राहतं. सोडियम धुऊन जात नाही, कारण डायलिसेटमध्ये ते साधारण रक्ताइतकंच असतं. पोटॅशियम कमी ठेवतात म्हणून ते निघतं. बायकार्बोनेट जास्त, म्हणून ते उलट रक्तात शिरतं. इथवर बरोबर आहे ना?

अडतं ते पाण्यापाशी. वजन बघून 'आज दोन लिटर काढू' असं ठरतं. माझ्या नळीत तर पाणी आत यायचं, टम्म फुगायची! मग इथे ते बाहेर कसं जातं? आणि त्याला डायलिसिस म्हणायचं का?

प्रतिसाद: इथवर बरोबर. पाणी मात्र दाबाने निघतं. यंत्र पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक ठेवतं, आणि पाण्यासोबत विरघळलेले छोटे रेणूही ओढले जातात. हे अल्ट्राफिल्ट्रेशन, काटेकोर बोलायचं तर डायलिसिसहून वेगळं. डायलिसेटचा प्रवाह थांबवून नुसतं अल्ट्राफिल्ट्रेशनही करतात. त्यात साठलेलं पाणी कमी होतं, पण रक्तातली युरियाची पातळी जवळपास तशीच राहते, कारण पाणी जाईल त्याच प्रमाणात युरिया जातो.

पोटाच्या डायलिसिसमध्ये (पोटात द्रव भरून करतात ते) असा दाब देता येत नाही. तिथे द्रवात ग्लुकोज घालतात, ते पाणी ओढतं. तुमची नळी फुगायची तेच तत्त्व. हळूहळू ग्लुकोज रक्तात शोषलं जातं आणि ओढ सैल पडते. द्रव बदलत राहावा लागतो त्याचं हे एक कारण.

धागाकर्ता: आभार! मग दाब वाढवून अर्ध्या तासात दोन लिटर का काढत नाहीत?

प्रतिसाद: यंत्र काढेल हो, शरीराला झेपणार नाही. पाणी निघतं रक्तातून, साठलेलं असतं बरंचसं ऊतींमध्ये. तिथून ते रक्तवाहिन्यांत परत यायला वेळ लागतो. घाई केली की रक्तदाब पडतो, पायात गोळे येतात. दोन डायलिसिसच्या मधे किती पाणी प्यायचं ते मावशींच्या डॉक्टरांना विचारून घ्या. वजन कमी वाढलं तर काढायचं पाणीही कमी.