‘ताप मेंदूत गेला’ म्हणजे नेमका कुठे गेला?

चौकस: सेरेब्रल मलेरियावरच्या एका मजकुराचं भाषांतर तपासतोय. एकाच पानावर ‘मेंदूज्वर’, ‘मेंदूतला हिवताप’ आणि ‘जंतू मेंदूच्या पेशी पोखरतो’ असं सगळं आलंय. बोलताना आपणही ‘ताप मेंदूत गेला’ म्हणतोच. यातलं काय ठेवावं?

सोनटक्का: ‘मेंदूज्वर’ आधी काढा. विषाणू किंवा जीवाणूंमुळे मेंदूला वा त्याच्या आवरणाला सूज येते, त्यासाठी तो रुळलाय. जपानी मेंदूज्वर हे त्यातलं ठळक नाव. इथे कारण वेगळं, औषधही वेगळं. आर्टेसुनेटचं इंजेक्शन लवकरात लवकर सुरू व्हावं लागतं.

‘पोखरतो’ तर साफ चूक. फाल्सिपेरम हा हिवतापाचा परजीवी तांबड्या रक्तपेशीत राहतो आणि मेंदूपर्यंत पोचला तरी त्या रक्तपेशीतच राहतो. रक्तपेशीत त्याची वाढ होऊ लागली की तिच्या पृष्ठभागावर बारीक उंचवटे येतात आणि त्यांवरचं प्रथिन केशवाहिनीच्या अस्तराला चिकटतं. निरोगी रक्तपेशी अंग चोरून अरुंद केशवाहिनीतून निघून जाते. ही ताठर झालेली, वर चिकट. एकीमागे एक अडकत जातात. परजीवी स्वतः साखर खातो ते वेगळंच. मग वाहिनीपलीकडच्या चेतापेशींना प्राणवायू आणि साखर कमी पडते, वाहिनीची भिंत झिरपू लागते, मेंदू सुजतो. कवटीत वाढायला जागा नाही, त्यामुळे दाब खाली, श्वास चालवणाऱ्या मस्तिष्कस्तंभावर येतो आणि श्वास थांबू शकतो. मलावीतल्या मुलांच्या एमआरआय तपासण्या २०१५ साली प्रसिद्ध झाल्या, त्यांत दगावलेल्या बहुतेक मुलांचा मेंदू खूप सुजलेला होता.

चौकस: म्हणजे चेतापेशी मरत नाहीत?

सोनटक्का: काही मरतात. पण कोमात गेलेलं मूल उपचारांनंतर एक-दोन दिवसांत डोळे उघडून बोलायला लागतं, असं बरेचदा घडतं. पेशी सरसकट मेल्या असत्या तर हे जमलं नसतं. वाचलेल्यांपैकी काहींना मात्र पुढे फेफरं येतं, शिकण्यात अडचणी राहतात. तेव्हा ‘पेशी नष्ट होतात’ असंही बिनधास्त लिहू नका.

डोळस: थोडं अवांतर. मेंदूतल्या या अडकलेल्या वाहिन्या बघायच्या तर डोळ्याच्या पडद्यावर बघा. पांढुरके चट्टे, बारीक रक्तस्राव, आणि वाहिन्यांचा रंग लालऐवजी नारिंगी किंवा पांढरट. रक्तात परजीवी सापडले तरी बेशुद्धीचं कारण दुसरंच असू शकतं. पडद्यावर हे दिसलं तर निदान पुष्कळच पक्कं होतं.

जुनंखोड: आमच्या पिढीत ‘वात झाला’ म्हणत. तापात माणूस बरळायला लागला की वात. तो शब्द चालेल का?

सोनटक्का: शब्द झकास आहे, पण इथे नको. कुठल्याही कडक तापात बरळणं होतं. सेरेब्रल मलेरिया म्हणायला कोमा लागतो, आणि फेफऱ्याचा झटका येऊन गेल्यावर तासाभराने तरी शुद्ध यायला हवी ती आलेली नसते.

क्रियापद: मला वाटतं गोंधळ नामाचा कमी, क्रियापदाचा जास्त आहे. परजीवी आणि मेंदू म्हटलं की सगळीकडे ‘पोखरतो’ लिहून मोकळे होतात. आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा ट्रायपॅनोसोम मेंदूत खरोखर शिरतो, पण पेशींच्या मधल्या जागेत हिंडतो. त्याने झोप वाढते म्हणण्यापेक्षा विस्कटते. दिवसा पेंग, रात्री जाग. टॉक्सोप्लाझ्मा हा आणखी एक परजीवी थेट चेतापेशीच्या आत दडून बसतो, तोही वर्षानुवर्षं. डुक्करातल्या फीतकृमीच्या अळ्या मेंदूत गाठी धरतात, मग फेफरं. हिवतापाचा परजीवी अडकतो. शिरणं, दडणं, गाठी धरणं, अडकणं: चार आजार, चार क्रियापदं.

डोळस: +१. आणि ‘जंतू’ऐवजी ‘परजीवी’च लिहा. जंतूत जीवाणूही आले, कृमीही आले.

चौकस: आभार. सध्या असं केलंय: ‘मेंदूच्या हिवतापात परजीवीग्रस्त तांबड्या रक्तपेशी मेंदूच्या केशवाहिन्यांत अडकतात आणि चेतापेशींना प्राणवायू व साखर अपुरी पडते.’ ‘मेंदूतला’ काढलं, कारण त्याने परजीवी मेंदूच्या आत शिरल्यासारखा वाटतो.

जुनंखोड: ‘परजीवीग्रस्त’ फार सरकारी वाटतं बुवा. ‘परजीवी असलेल्या’ म्हणा की सरळ.

चौकस: केलं.