पाहुण्यांसाठी जास्तीची खोली?
घर घेताना अनेकजण सुचवतात, "वन बीएचकेत पाहुणे आले की अडचण होते, म्हणून थोडं जास्त कर्ज काढून टू बीएचकेच घ्या." हा सल्ला मला पटत नाही. ते "थोडं जास्त" म्हणजे किती, याचा हिशेब मांडून बघा. साडेआठ टक्के व्याजाने 20 लाख जादा घेतले तर वीस वर्षं दरमहा सुमारे 17,350 रुपये हप्ता, म्हणजे एकूण साधारण साडेएकेचाळीस लाख! वर्षातून चार-आठ दिवस येणाऱ्या माणसांसाठी हे ओझं कशाला? त्यांच्यासाठी हॉलमध्ये गादी टाकता येते, आणि रात्री गप्पाही जास्त रंगतात.

छोट्या घराचा आणखी एक फायदा म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीत 500 चौरस फुटांपर्यंत चटई क्षेत्राच्या (कार्पेट एरियाच्या) घरांना 1 जानेवारी 2022पासून मालमत्ता करही माफ आहे. सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये मात्र फार बचत गृहीत धरू नका. आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार) सेवा शुल्क सगळ्या सदनिकांना सारखंच असतं. सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, मात्र बांधकाम खर्चाच्या प्रमाणात, म्हणून छोट्या घराला कमी.

आईवडील कायम सोबत राहणार असतील तर गोष्ट वेगळी. त्यांना स्वतःची खोली हवीच, तिथे काटकसर करू नये.