शब्दचर्चा: 'रीएन्ॲक्टमेंट'ला मराठीत काय म्हणावं?

टाचणी: आमच्या चित्रपट मंडळात संघर्षावरच्या माहितीपटांची मालिका ठरली आहे आणि मराठी पत्रकं काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. निवेदन, संकलन, प्रत्यक्षदर्शी हे शब्द आपसूक बसले. गाडी अडली ती 'रीएन्ॲक्टमेंट'पाशी, म्हणजे घडून गेलेला प्रसंग कॅमेऱ्यासमोर पुन्हा करून दाखवणं. 'पुनर्रचना' वाचलं की मला मतदारसंघ आठवतात. 'नाट्यरूपांतर' म्हणावं तर कुणीतरी कादंबरीवरून नाटक केलंय असं वाटतं. यादीत कंबोडियावरचा 'एस-२१' (२००३), इंडोनेशियावरचा 'द ॲक्ट ऑफ किलिंग' (२०१२) आणि पहिल्या महायुद्धातला 'द बॅटल ऑफ द सॉम' (१९१६) आहेत. तिन्हीकडे चालेल असा एक शब्द सुचवा.

मोडीवाचक: 'पुनरभिनय' घ्या. पुनरागमन, पुनरुक्ती यांच्या जातीचा आहे, उच्चारायला सोपा आहे आणि अर्थ लगेच कळतो. 'पुनर्अभिनय' असं मात्र कृपया छापू नका. आणि जाता जाता, 'माहितीपट'ऐवजी 'अनुबोधपट' हा जुना शब्द वापरलात तर आमच्यासारख्यांना बरं वाटेल. फिल्म्स डिव्हिजनच्या काळात थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी जे बघावं लागायचं, त्याला आम्ही तेच म्हणायचो.

संकलनवाली: अनुबोधपट राहू द्या काका, मुलं पत्रक तिथेच ठेवून जातील. पण 'अभिनय'ला माझी खरी हरकत आहे. 'एस-२१' मध्ये दिग्दर्शक रिथी पान्ह यांनी तुओल स्लेंगच्या तुरुंगातल्या जुन्या पहारेकऱ्यांना त्याच इमारतीत परत आणलं. नॉम पेन्हमधली ही मुळातली शाळा, कम्युनिस्ट ख्मेर रूजच्या राजवटीत तिचा 'एस-२१' हा छळतुरुंग झाला. त्यातला एक पहारेकरी रिकाम्या खोलीत आपली रोजची पाळी करून दाखवतो. कुलूप तपासतो, नसलेल्या कैद्यांवर खेकसतो, पाणी देतो, दार लावून निघून जातो. समोर कोणी नाही, हातात काही नाही. हे बघून 'काय सुंदर अभिनय' असं कोणाच्या मनात येईल? हातापायांत मुरलेली सवय आहे ती. तो आत जातो तेव्हा कॅमेरा दाराशीच थांबतो, मागोमाग जात नाही. जणू जमिनीवर अजून माणसं बेड्यांत आडवी आहेत आणि आपला पाय त्यांच्यावर पडेल. 'पुनरभिनय' हा शब्द या दारापर्यंत येतच नाही.

मोडीवाचक: मुद्दा मान्य. मग 'प्रात्यक्षिक'? आरोपीला घटनास्थळी नेऊन प्रात्यक्षिक करून घेतलं, असं बातम्यांत येतं. तिथे करणारा तोच, जागा तीच, आणि तो नट नाही हे आपल्याला ठाऊक असतं.

संकलनवाली: हे आवडलं. शाळेतल्या प्रयोगशाळेचा वास येतो, पण तो कोरडेपणाच इथे कामाचा आहे. ऑपनहायमर यांच्या 'द ॲक्ट ऑफ किलिंग' मध्ये मेदान शहरातल्या एका गच्चीवर अन्वर काँगो तारेने गळा कसा आवळायचा ते दाखवतो, तेही प्रात्यक्षिकच. १९६५-६६ च्या हत्याकांडात निदान पाच लाख माणसं मारली गेली असं मानतात, आणि हा त्या मारेकऱ्यांतला एक. तार दाखवून झाल्यावर तो तिथेच चाचाचा नाच करतो. पुढे हे चित्रण स्वतः टीव्हीवर बघतो तेव्हा त्याला खटकते ती आपली पांढरी पँट! असल्या कामाला असे कपडे आपण कधी घातले नसते, म्हणतो.

मोखाडेकर: पण त्याच सिनेमात पुढे ही मंडळी गुंडपटासारखी, काउबॉयच्या सिनेमासारखी दृश्यं स्वतःच रचतात. रंग फासतात, वेश चढवतात, अन्वर स्वतः बळीच्या खुर्चीत बसतो. तिथे 'प्रात्यक्षिक' चालणार नाही. आमच्याकडे बोहाड्यात मुखवटे चढवून सोंगं नाचवतात. माझं मत 'सोंग'ला. या शब्दाला दोन्ही बाजू आहेत. सोंग घेतलेला माणूस थोडा वेळ वेगळाच कोणी होतो, आणि 'सोंग करतोय' म्हटलं की खोटेपणाही आला. अन्वर शेवटी त्याच गच्चीवर येऊन कोरड्या ओकाऱ्या काढतो, तेव्हा ते खरं की सोंग यावर अजून वाद चालतात. त्या वादासकट सगळं या एका शब्दात मावतं.

मोडीवाचक: सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, एवढीच म्हण आम्हाला माहीत होती. शब्द चांगला आहे. पत्रकात जरा उघडावाघडा दिसेल, दिसू द्या.

टाचणी: एक शब्द मागायला आले, दोन मिळाले. आता 'सॉम'चं सांगा. त्यातलं सैनिक खंदकातून वर चढतात आणि एकदोघे कोसळतात ते प्रसिद्ध दृश्य आघाडीमागे, सरावाच्या जागी रचून घेतलं असं अभ्यासक मानतात.

संकलनवाली: तिथे सरळ 'बनाव'.

मोडीवाचक: सावकाश. बाकीचं बरंचसं चित्रण खरं आहे, जखमी खरे, कैदी खरे. आख्ख्या चित्रपटाला बनाव म्हटलंत तर अन्याय होईल. त्या दृश्यापुरतं 'रचलेलं दृश्य' म्हणा.

संकलनवाली: 'रचलेलं' फार सौम्य होतं. १९१६ च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये तो लागला तेव्हा लढाई चालू होती. बघायला आलेल्यांत ज्यांची मुलं तिकडे होती ते आईबाप होते. हा माणूस मेलेला नाही, असं त्यांना कोणी सांगितलं नाही. पान्ह आणि ऑपनहायमर यांच्या सिनेमात हे पुन्हा केलेलं आहे हे प्रेक्षकाला पहिल्यापासून कळतं. इथे ते लपवलं. लपवलं की बनाव. मी त्या दृश्यापुरतंच म्हणतेय, पण तोच शब्द म्हणतेय.

मोखाडेकर: नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडावरचा 'शोआ' (१९८५) यादीत नाही का? त्यात अब्राहम बोम्बा हे न्हावी आहेत. त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत बायकांचे केस कापायला लावलेले. दिग्दर्शक लान्झमान यांनी इस्रायलमध्ये भाड्याने दुकान घेऊन, खुर्चीत गिऱ्हाईक बसवून त्यांना कात्री हातात दिली आणि प्रश्न विचारले. नऊ तासांच्या वर सिनेमा, जुन्या चित्रणाचा एक तुकडा नाही. हे कशात बसवाल?

संकलनवाली: प्रात्यक्षिक नाही, सोंगही नाही. मी 'बोलतं करणं' म्हणेन. कात्री चालू असते तोवर ते सपाट आवाजात सांगत राहतात, आणि मग मध्येच थांबतात. लान्झमान थांबू देत नाहीत. ते बरोबर केलं की नाही यावर माझं मत दर वेळी बदलतं.

टाचणी: 'शोआ' नऊ तासांमुळे बाद झाला, सभागृह तीनच तास मिळतं. पत्रकात असं लिहिते: 'एस-२१'साठी 'पहारेकऱ्यांनी त्याच खोल्यांत दिलेली प्रात्यक्षिकं', 'द ॲक्ट ऑफ किलिंग'साठी 'प्रात्यक्षिकं आणि सोंगं', आणि 'सॉम'साठी 'बनाव (एका दृश्यापुरता)'. ऑपनहायमरच्या श्रेयनामावलीत सुरक्षेसाठी कितीतरी इंडोनेशियन सहकारी निनावी आहेत, त्यांचा उल्लेख 'अनामिक' असा करते. 'सोंगं'वर अध्यक्षांनी हरकत घेतली तर त्यांना मोखाड्याला पाठवून देते.

मोखाडेकर: बोहाडा रात्रभर चालतो. स्वेटर आणायला सांगा.