नवीन ब्रेक पॅड टाकल्यापासून पुढच्या चाकातून 'टक्' आणि 'ची-ची'

घाटवाट:
हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम, ५२,००० किमी. पुढचे पॅड बदलल्यापासून दोन आवाज. रिव्हर्स घेऊन पुढे निघालं की पहिल्या ब्रेकला डावीकडून एकच 'टक्'. शिवाय वीस-पंचवीसच्या वेगात ब्रेक न दाबताच 'ची-ची'; पेडलवर हलका पाय ठेवला की बंद. गॅरेजवाला डिस्क टर्न करून, म्हणजे लेथवर तासून सपाट करून घ्या म्हणतोय. घेऊ का?

दहाचा पाना:
लेथ कशाला? पॅड ब्रॅकेटमध्ये, म्हणजे तो ज्या चौकटीत बसतो तिच्यात, सैल आहे. गाडीची दिशा बदलली की तो सरकून आपटतो, तोच 'टक्'. ब्रॅकेटच्या खाचांत स्टीलच्या पातळ क्लिपा असतात. वर-खाली सगळ्या आहेत का आधी बघा. पॅड बदलताना जुन्याच ठेवतात, नाहीतर एखादी हरवते.

'ची-ची'साठी स्लाइड पिन तपासा; पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर याच पिनांवर सरकतो. जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. कॅलिपरचे दोन्ही बोल्ट सोडा, कॅलिपर तारेने स्प्रिंगला बांधा. होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळू देऊ नका आणि कॅलिपर बाहेर असताना पेडल अजिबात दाबू नका, त्यातला पॅड ढकलणारा पिस्टन बाहेर येईल. पिन बोटांनी सहज सरकली पाहिजे. अडकत असेल तर पॅड डिस्कपासून सुटत नाही, घासत राहतो. पिन पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. बेअरिंगचं ग्रीस नको. त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम.

लाल माती:
पान्याशी सहमत. गाडी चालू केल्यावर थोडा वेग घेताच एकदाच 'टक्' झालं तर ते बऱ्याच गाड्यांत एबीएसची (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) स्वतःची तपासणी असते. इथे ते लागू नाही. डिस्कमागचा पत्रा वाकला किंवा त्यात खडा अडकला तरी किरकिर होते, पण ती सहसा पेडल दाबून थांबत नाही. टर्निंगचा विचार पेडल थरथरत असेल तरच. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. टर्न करून त्याखाली जाणार असेल तर जोडीच बदला.

घाटवाट:
डावीकडे खालची क्लिप नाहीच! वरची पिनही घट्ट. पॅडही बदलावे लागतील?

दहाचा पाना:
पॅड समान झिजले असतील आणि तेलकट नसतील तर फक्त क्लिपांचा सेट घ्या, दोन्ही बाजूंचा. बसवण्याआधी खाचेतला गंज वायर ब्रशने पूर्ण काढा, नाहीतर नव्या क्लिपेखाली पॅड उलट आवळला जाईल. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. मग पॅड डिस्कवर नीट बसायला मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक, मध्ये डिस्कला थोडी हवा लागू द्या. गरम डिस्कवर पेडल दाबून उभे राहू नका.