सर्व्हिंग सुटलं आणि सराव बोंबलला: आपलं सामान आपणच करायला कुठून शिकू?

अर्धवट_तिरंदाज

नमस्कार मंडळी. दीड वर्ष झालं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) मारतेय, ६८ इंची धनुष्य, बोटांवर साधारण ३२ पाउंड येतात. परवा सराव चालू असताना दोरीचं मधलं सर्व्हिंग (बाण लावतो तिथे दोरीभोवती गुंडाळलेला धागा) सुटायला लागलं, आधी नुसतं एक टोक बाहेर आलं होतं, मी ते दाताने तोडलं (हो माहितीये, बोलू नका) आणि पुढच्या सहा बाणांत अख्खं स्प्रिंगसारखं उलगडलं, नॉकिंग पॉइंटही (बाण दोरीला कुठे लावायचा ती खूण) त्याच्याबरोबर गेला. दुसरी दोरी जवळ नव्हती. मग बाकीचे मारत होते आणि मी त्यांचे बाण गोळा करत फिरत होते.

तेव्हा लक्षात आलं की मला माझ्या सामानातलं काहीच कळत नाही. ब्रेस हाइट (धनुष्याच्या मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर) कुणीतरी लावून दिलीये, ती तशीच चाललीये. मागे एका बाणाचं व्हेन (प्लास्टिकचं पीस) निघालं तर मी घरातल्या गोंदाने चिकटवलं, ते वाकडं बसलं आणि तो बाण आता स्वतःच्या मर्जीने जातो. आता ठरवलंय शिकायचं. दोरी, बाण, आणि मनातून खरं सांगायचं तर एक लाकडी धनुष्य स्वतः करायचंय. शिवणकाम येतं, लाकूडकाम शून्य. सुरुवात कशापासून करू?

दोरीवाला

दोरीपासून. डोळे झाकून. बिघडली तर थोडा धागा गेला, बाकी काही नाही, आणि दोरी करता करता धनुष्याचं निम्मं गणित आपोआप कळतं.

पण दोरी बनवायच्या आधी आहे ती सांभाळायला शीक. दोरीवर केस उभे राहिल्यासारखे धागे दिसायला लागले की मेण लावायची वेळ झाली. मेण लावून बोटांनी भराभर चोळायचं म्हणजे गरम होऊन आत मुरतं. सर्व्हिंगवर मेण लावायचं नाही, फक्त उघड्या धाग्यांवर. आणि ब्रेस हाइट दर वेळी मोज, ग्रिपच्या खोलगट भागापासून दोरीपर्यंत. ६८ इंची रिकर्व्हला साधारण साडेआठ ते नऊ इंच असते, तुझ्या धनुष्याच्या कंपनीने काय सांगितलंय ते बघ आणि त्या मर्यादेत अर्धा अर्धा सेंटीमीटर बदलून बघ, एका ठिकाणी धनुष्याचा आवाज गप होतो. दोरीला पीळ वाढवला की ती आखूड होते आणि ब्रेस हाइट वाढते, पीळ काढला की उलट. पीळ मात्र ज्या दिशेने सर्व्हिंग घट्ट होतं त्याच दिशेने दे, नाहीतर परवाचाच प्रकार परत.

आता दोरी. दोन खुंट्या ठोकलेली फळी पुरते. ६८ इंची धनुष्याला दोरी अंदाजे ६४ इंच, म्हणजे चारेक इंच कमी. १६ पदर हवे तर खुंट्यांभोवती ८ फेरे, दोन्ही टोकं लूपच्या (धनुष्याच्या टोकात अडकणाऱ्या फासाच्या) सर्व्हिंगखाली दडपायची. डॅक्रॉन (थोडा ताणणारा धागा) घेतलंस तर तुझ्या वजनाला १०-१२ पदर खूप झाले. फास्टफ्लाइटच्या जातीचा धागा कमी ताणतो, बाण जोरात जातो, त्याचे १६-१८ पदर घेतात, ते ताकदीसाठी नाही, नॉक (बाणाच्या मागची खाच) नीट बसावं म्हणून. मधलं सर्व्हिंग दोरी ताणलेली असतानाच करायचं, शेवटचे दहा-पंधरा वेढे टोकावरून उलटे घ्यायचे आणि टोक खालून ओढून घ्यायचं. तुला शिवणकाम येतं म्हणजे हे अर्ध्या तासात जमेल. नॉकिंग पॉइंट पितळेचा नको, दात घासायच्या फ्लॉसने बांध, बोटांच्या टॅबला (दोरी ओढताना बोटांवर घालायच्या पट्टीला) खात नाही. बाण दोरीशी काटकोनात बसतो त्यापेक्षा पाव इंच वर ठेवून सुरुवात कर.

नॉकची परीक्षा: बाण दोरीला लावून खाली लटकव. स्वतःहून पडता कामा नये, पण दोरीवर बोटाने टिचकी मारली की सुटला पाहिजे. घट्ट नॉक हा दिसत नाही असा रोग आहे, लोक महिनोन् महिने रिलीजला (दोरी सोडण्याच्या पद्धतीला) शिव्या देत बसतात.

पिसं_आणि_गोंद

दादांशी सहमत नाही. दोरी वर्षातून एकदोनदा बदलते, बाण दर आठवड्याला काही ना काही मागतात. आधी बाण.

पण बाणाचं पहिलं काम चिकटवणं नाही, तपासणं. कार्बनचा बाण दर वेळी मारण्याआधी दोन्ही हातांत धरून हलका वाकवायचा, थोडा फिरवून परत वाकवायचा, पीळ द्यायचा. करकर आवाज आला, चीर लागली, की तो बाण मोडून टाक, म्हणजे चुकून परत भात्यात जाणार नाही. तडकलेला कार्बन सुटताना फुटला तर कपच्या हातात घुसतात. यात "अजून एकदा मारून बघू" असं काही नसतं.

व्हेन बदलताना जुनं व्हेन आणि गोंद बोथट पात्याने काढ, कार्बन खरवडू नकोस. अल्कोहोलने पूस, मग बोट लावू नकोस. सुपरग्लूच्या जातीचा गोंद, तोही केसाएवढी रेघ. जास्त गोंद म्हणजे जास्त घट्ट हा गैरसमज. जिग (व्हेन नेमकी बसवायचा साचा) मात्र घेच, तीन व्हेन १२० अंशांवर नुसत्या नजरेने बसत नाहीत, तुझा तो मनमौजी बाण त्याचा पुरावा आहे 😄 खरी पिसं वापरणार असशील तर एका बाणाला सगळी डाव्या पंखाची नाहीतर सगळी उजव्या पंखाची, मिसळायची नाहीत. आणि पुढे लाकडी धनुष्यावरून रेस्ट (बाण टेकवायचा आधार) नसताना मारशील तेव्हा पिसंच लागतील, ती दबतात आणि निघून जातात, प्लास्टिक आपटून बाण उडवतं.

स्पाइनचा (बाणाच्या नळीच्या ताठपणाचा) आकडा लोकांना कळत नाही म्हणून सांगते. ५०० स्पाइन म्हणजे २८ इंचांवर दोन टेकू देऊन मधे ८८० ग्रॅम वजन टांगलं की नळी अर्धा इंच वाकते. आकडा मोठा म्हणजे नळी मऊ. बाण लांब ठेवला किंवा टोक जड लावलं की तो आणखी मऊ वागतो. म्हणून नवीन नळी लगेच कापायची नाही! आधी बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांबरोबर मार. उजव्या हाताने मारत असशील आणि बिनपिसांचा डावीकडे लागला तर तो कडक, उजवीकडे लागला तर मऊ. कापलेलं परत जोडता येत नाही. कापायचं तेही वेगाने फिरणाऱ्या घासचाकावर, पाइप कटरने किंवा करवतीने नाही, तोंडावर मास्क लावून, ती धूळ फुफ्फुसात गेलेली चांगली नाही. टोक बसवताना टोक तापव, नळी नाही. नळी हाताला चटका द्यायला लागली म्हणजे तू आधीच जास्त तापवलंयस.

स्पर्धेत उतरणार असशील तर बाणांवर नाव किंवा आद्याक्षरं लागतात, आणि एका फेरीतले सगळे बाण एकसारखे हवेत. एकच गुलाबी व्हेन लावलेला बाण चालत नाही, अनुभव आहे.

अर्धवट_तिरंदाज

बापरे, वही घेऊन बसले. एक शंका, माझ्याकडे एकाने दिलेलं जुनं लाकडी धनुष्य पडून आहे, त्याला मी फास्टफ्लाइटची दोरी करून लावली तर?

दोरीवाला

नको. जुन्या धनुष्याच्या टोकांना मजबुती दिलेली नसते, न ताणणारी दोरी ती टोकं कापते नाहीतर फोडते. डॅक्रॉन लाव. आणि आधी लिंबवरून (धनुष्याच्या वाकणाऱ्या भागांवरून) कापसाचा बोळा फिरव, जिथे कापूस अडकेल तिथे चीर सुरू झालीये.

लाकूडतोड्या

उशिरा आलो. पहिली तीन धनुष्यं मोडलेला माणूस बोलतोय, चौथं अजून चालतंय.

ताई, धनुष्य शेवटी कर, पण लाकूड आजच वाळत घाल, ओलं लाकूड वाकतं आणि वाकडंच राहतं. ओढताना धनुष्याची पाठ म्हणजे निशाण्याकडची बाजू ताणली जाते आणि पोट म्हणजे तुझ्याकडची बाजू दाबली जाते. पाठीवर एकच वर्षवलय टोकापासून टोकापर्यंत अखंड पाहिजे, ते कुठे कापलं गेलं की तिथूनच मोडणार. बांबूचं केलंस तर बाहेरच्या सालीला रंधा लावायचा नाही, ताकद तिथेच असते, सगळं काम आतून. ते १५४५ मध्ये बुडालेलं मेरी रोझ जहाज १९८२ मध्ये वर काढलं ना, त्यातली शंभरावर यू झाडाच्या लाकडाची धनुष्यं बघ, बाहेरच्या बाजूला फिकट रसकाष्ठ (सालीलगतचं लाकूड) ठेवलंय, ते ताण सोसतं, आतल्या बाजूला गाभा, तो दाब सोसतो. आणि लांबी साडेसहा फुटांच्या आसपास. तूही पहिलं धनुष्य निदान आपल्या उंचीएवढं ठेव, आखूड करायचा मोह सगळ्यांना होतो, माझी पहिली दोन त्यातच गेली.

तिसरं घाईने गेलं. टिलरिंग म्हणजे धनुष्याचे दोन्ही लिंब सारखे वाकवणं, तीच खरी कला, बाकी हमाली. आधी टोक जमिनीला टेकवून दाबून बघ, मग लांब दोरी लावून भिंतीवर टांग आणि थोडं थोडं ओढ. ताठ दिसतं तिथलं खरवड, जास्त वाकतं तिथे हातही लावू नकोस. प्रत्येक खरवडण्यानंतर वीस-तीस वेळा हलकं ओढ, लाकडाला बदल समजायला वेळ लागतो. आणि जेवढ्या पाउंडाचं करायचंय त्यापेक्षा जास्त जोर मधे कधीच देऊ नकोस. मी रात्री अकरा वाजता "एकदाच पूर्ण ओढून बघतो" म्हणालो, मोठा आवाज झाला, शेजाऱ्यांनी बेल वाजवली.

बाणाशिवाय दोरी सोडायची नाही हे माहीतच असेल. बघायला आलेल्या पाहुण्यांना माहीत नसतं, त्यांच्या हातात देऊ नकोस.

अर्धवट_तिरंदाज

अपडेट. दोरी केली! १६ पदर, दोन खुंट्यांची फळी. पहिल्यांदा लावली तर ब्रेस हाइट पावणेआठच, मग पीळ देत देत साडेआठवर आणली, रात्रीतून ताणून परत खाली आली, परत पीळ. नॉक फारच घट्ट बसत होतं, टिचकी काय, थप्पड मारली तरी सुटेना, सर्व्हिंगचा धागा जाड होता. उसवलं, बारीक धाग्याने परत केलं, आता बरोबर सुटतंय. वाकडं व्हेनही काढलं, जिग मागवलंय.

दोरीवाला

छान. वरचा लूप खालच्यापेक्षा मोठा केलास ना? दोरी उतरवल्यावर तो लिंबवरून खाली सरकायला हवा.

अर्धवट_तिरंदाज

...दोन्ही सारखे केलेत. फळी परत काढते.